परिषदेहून परतताना बॅगेत काय असावे?

परदेशातल्या परिषदेला निघालेल्या विज्ञान शिक्षकाची बॅग चमत्कारिक असते. कपड्यांच्या घड्यांमध्ये फुगे, स्ट्रॉ, चुंबक, तांब्याची तार. 'कृतीतून शिक्षण' याच विषयावर परिषद असेल तर हेच त्याचे खरे भाषण.

युरोपातील 'सायन्स ऑन स्टेज' हा अशाच शिक्षकांचा मेळा. नोव्हेंबर २००० मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत तो 'फिजिक्स ऑन स्टेज' या नावाने भरला. पुढे बाकीचे विज्ञानही त्यात आले, नाव बदलले आणि मेळा गावोगाव फिरू लागला. २०१९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये, २०२२ मध्ये प्रागला, तर २०२४ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूला भरला. येथे व्यासपीठापेक्षा टेबलांना मान. आपापल्या देशात निवडून आलेले शिक्षक आपला प्रयोग मांडतात आणि दुसऱ्या देशातले शिक्षक तो हाताळून बघतात. भाषा अडते, पण फिरणारे चाक समजायला भाषा लागत नाही.

पण हातात वस्तू घेतल्याने खरेच जास्त कळते का? शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासले. आसावर फिरणारी सायकलची चाके एका विद्यार्थ्याने हातात धरून तिरकी करायची, जोडीदाराने फक्त पाहायचे. फिरते चाक तिरके करताना ते मनगटाला अनपेक्षित दिशेने ओढते. हा ओढा ज्याने अनुभवला, त्याला नंतरच्या चाचणीत पाहणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. मेंदूच्या प्रतिमा घेतल्या तेव्हा दिसले, की या विषयावर विचार करताना हालचाल आणि स्पर्श सांभाळणारे भाग पुन्हा जागे होतात.

कॉलेजच्या पातळीवरचा पुरावा आणखी मोठा आहे. २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के होते.

परतणाऱ्या शिक्षकाने मात्र हार्वर्डमधला २०१९ चा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. तिथल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना गुण जास्त मिळाले, पण 'आपण कमी शिकलो' असे त्यांनाच वाटत होते. डोके शिणले, की काही कळले नाही असे वाटते. छान व्याख्यान ऐकले, की सगळे कळल्यासारखे वाटते. 'सर हल्ली शिकवतच नाहीत' ही तक्रार त्यामुळे ठरलेलीच. परिषदेत टाळ्या मिळवलेला प्रयोग पुष्कळदा या तक्रारीपुढेच मान टाकतो.

'सर्न'मध्येच काम केलेले नोबेल विजेते जॉर्ज शारपाक यांचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकात शिकागोच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत लिऑन लेडरमन या दुसऱ्या नोबेल विजेत्याने सुरू केलेला कृतिशिक्षणाचा उपक्रम त्यांनी पाहिला. मायदेशी परतल्यावर १९९६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पाठबळाने त्यांनी प्राथमिक शाळांसाठी असाच कार्यक्रम उभा केला. त्याच्या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ 'कणकेत हात'! त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू एखादे उपकरण नसून साधी वही आहे. काय होईल असे वाटते, काय केले आणि काय दिसले, हे मूल त्यात स्वतःच्या शब्दांत लिहिते. प्रयोगाआधी अंदाज बांधलाच नाही, तर तो चुकल्याचे आश्चर्य कुठून येणार? मग उरते ती जादू, आणि जादू मुले दोन दिवसांत विसरतात.

महागड्या साहित्याची तर गरजच नाही. पुण्याच्या 'आयुका'त अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमिती उभी केली. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून केलेला चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही; पुलांच्या आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना कळते. ही भूमिती परदेशी न्यायची तर नळी बॅगेत सहज मावते. काडेपेटी मात्र विमानाच्या सामानात चालत नाही, ती तिथे पोहोचल्यावर दुकानातूनच घ्यावी लागते.