चौकशीचे पत्र हाती आल्यावर



आपल्या संग्रामपूर तालुक्यात नोकरी करणाऱ्या बायका आता गावोगाव आहेत. कुणी शाळेत शिक्षिका, कुणी शिपाई, कुणी आरोग्यसेविका. अशा एखादीच्या हाती एक दिवस पाकीट येते. आत कारणे दाखवा नोटीस असते, नाहीतर थेट दोषारोपपत्र. घरातून पहिला सल्ला मिळतो, "घेऊच नको, परत पाठव." हा सल्ला फार महागात पडतो. पत्र नाकारले म्हणून चौकशी थांबत नाही. नाकारल्याची नोंद होते आणि काम एकतर्फी पुढे चालते.

पत्र घ्या, तारीख टाकून सही करा. पोच दिली म्हणजे आरोप मान्य केला असे होत नाही. पत्रात तुम्हाला 'अपचारी' म्हटलेले असेल. शब्द ऐकवत नाही, पण कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ जिची चौकशी चालू आहे ती, एवढाच.

आता खुलासा. "सर्व आरोप खोटे आहेत" एवढ्या एका ओळीवर भागवू नका. प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर द्या. अमुक तारखेला विनापरवानगी गैरहजर, असा आरोप असेल आणि त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात असाल, तर तसे लिहून केसपेपरची झेरॉक्स जोडा. ज्या कागदांवर आरोप उभा आहे त्यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. आणखी एक, "माफी लिहून दे, इथेच मिटवू" असे कुणी गोडीने सांगितले, तर सही करण्याआधी रात्रभर थांबा. तोच कागद पुढे तुमची कबुली म्हणून समोर येऊ शकतो.

नियम नोकरीप्रमाणे वेगळे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 चे शिस्त व अपील नियम, जिल्हा परिषदेला 1964 चे. अंगणवाडी सेविका आणि आशाताई मानधनावर असतात. त्यांना हे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, पण खुलासा त्यांनीही लेखीच द्यावा.

खाजगी शाळांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. आरोप हाती पडल्यापासून सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा असतो. चौकशी समिती तिघांची असते. एक संस्थेचा माणूस, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक आणि एक तुम्ही सुचवलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. नाव मुदतीत कळवले नाही तर समिती दोघांचीच होते, म्हणजे तुमच्या बाजूची खुर्चीच राहत नाही. कितीतरी जणी भीतीपोटी गप्प बसतात आणि ही संधी घालवतात, याचे मला फार वाईट वाटते.

सुनावणीला प्रत्येक तारखेला जा. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचा, म्हणजे उलटतपासणीचा, हक्क तुम्हाला आहे. रोजनामा पूर्ण वाचूनच सही करा. बोललात ते लिहिले नसेल तर तिथेच तसे लिहायला लावा. सहसा वकील चालत नाही, सहकारी मदतीला घेता येतो. पण संस्थेने किंवा कार्यालयाने कायदा शिकलेला माणूस उभा केला असेल, तर तुम्हीही वकिलाची परवानगी लेखी मागा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी परवानगी नाकारणे अन्यायाचे ठरवले होते.

"पोलीस केस नाही, मग कशाला घाबरू?" असेही म्हणू नका. फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा इथे लागत नाही. काय घडले असण्याची शक्यता जास्त, यावर निकाल लागतो.

चौकशी करणारा एक आणि शिक्षा देणारा दुसरा असेल, तर शिक्षेआधी अहवालाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली तसे सांगितले आहे. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, तोही अर्ज करून मागा.

खाजगी शाळेने कामावरून काढलेच, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचे असते. आपल्या भागासाठी ते अमरावतीला आहे. हे दिवस आदेश हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून पोस्टाचा शिक्का असलेले पाकीटही फाइलमध्ये लावून ठेवा.