पापनिवेदन

ख्रिस्ती धर्मांतील कॅथलिक पंथाविषयीं आपल्या घरांतून एक ठराविक थट्टा ऐकूं येते. "त्यांचें बरें आहे! आठवडाभर हवें तें करावें, पाद्र्याच्या कानांत सांगावें, कीं पाटी कोरी!" ही थट्टा आम्हींही केलेली आहे. पुढें या आचाराचे नियम वाचले, तेव्हां आपण हंसलों तें केवळ अज्ञानानें, हें ध्यानांत आलें.

गोमंतकांतील कोंकणी बोलणारे कॅथलिक या विधीला 'कुमसार' म्हणतात. मराठींत त्यास 'पापनिवेदन' म्हणतां येईल. त्यांच्या सात संस्कारांपैकीं हा एक होय. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या पापांची क्षमा यानें मिळते. क्षमा करणारा ईश्वर. धर्मगुरु केवळ निमित्तमात्र, अशी त्यांची श्रद्धा आहे.

विधि दिसावयास सोपा, पण करावयास कठीण. प्रथम एकांतांत स्वतःच्या मनाची झडती घ्यावयाची. मग धर्मगुरूपुढें येऊन, मागील निवेदनास किती काळ लोटला तें सांगून, प्रत्येक गंभीर पाप त्याच्या प्रकारासह आणि तें किती वेळां घडलें यासह उच्चारावयाचें. 'हातून कांहीं चुका झाल्या' असें मोघम बोलून भागत नाहीं. नंतर धर्मगुरु उपदेश करतो, प्रार्थना, उपवास अथवा दानधर्म असें कांहीं प्रायश्चित्त नेमून देतो आणि पापक्षमेचे शब्द उच्चारतो.

परंतु मनांत पश्चात्ताप नसेल, पुन्हां तें न करण्याचा निश्चय नसेल, तर सारें निवेदन व्यर्थ! चोरलेलें द्रव्य परत केलें पाहिजे. ज्याची खोटी निंदा केली, त्याची अब्रू शक्य तितकी भरून दिली पाहिजे. पाटी कोरी होते ती अशी.

आरंभींच्या शतकांत मनुष्यवध, व्यभिचार, धर्मत्याग अशा महापातकांना चारचौघांदेखत, कित्येकदां वर्षानुवर्षें प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि तेंही बहुधा जन्मांत एकदांच. खाजगी व वारंवार निवेदनाची रीत सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासी साधूंनीं पसरविली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनें वर्षांतून निदान एकदां निवेदन करण्याचा नियम घातला. सोळाव्या शतकांत मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनीं मध्यें जाळी असलेल्या लांकडी खोपटीचा पुरस्कार केला. १९७३ सालच्या सुधारित विधीनंतर समोरासमोर बसूनही निवेदन करतां येतें. पण आडपडद्याचा हक्क कायम आहे.

या आचाराचा खरा आधारस्तंभ म्हणजे गुप्तता. निवेदन फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठांत प्रायश्चित्तास बसवावें, असें त्याच १२१५ सालच्या परिषदेनें ठरविलें. आजही असा गुरु धर्मबहिष्कृत होतो. प्राग शहरीं १३९३ सालीं राजाज्ञेनें जॉन नेपोमुक या धर्मगुरूस नदींत बुडविण्यांत आलें. राणीचें निवेदन त्यानें राजाला सांगितलें नाहीं, अशी परंपरा आहे. इतिहासकार मात्र मठाधिपतीच्या नेमणुकीचा तंटा हें कारण मानतात. तथापि १७२९ सालीं त्याला संतपद मिळालें.

आपल्या शास्त्रांनाही हें तत्त्व परकें नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचे उपाय सांगतांना 'ख्यापन', म्हणजे पाप बोलून दाखविणें, हें अनुताप व तप यांच्याही आधीं घातलें आहे. शतपथब्राह्मणांत वरुणप्रघास यागाच्या प्रसंगीं यजमानपत्नीला दोष उच्चारावयास लावतात. उच्चारलेलें पाप सत्य होऊन लहान होतें, असें तेथें कारण दिलें आहे. पण आपल्या घरांत हें ख्यापन कोण करतो? लहानांनीं वडिलांपुढें करावयाचें. वडिलांनीं केलें तर त्यांचा मान जातो!

आमचेंच उदाहरण देतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांतील फीचे चार रुपये नाहींसे झाले. एका गरीब मुलावर आम्हीं संशय घेतला व सर्वांसमक्ष त्याला छड्या मारल्या. तिसऱ्या दिवशीं ते रुपये आमच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरांत सांपडले. मुख्याध्यापकांना 'पैसे मिळाले' एवढेंच सांगितलें; वर्गाला कांहींच सांगितलें नाहीं. वर्षअखेर त्या मुलानें शाळा सोडली. त्यानंतर आम्हीं पुष्कळ व्रतें केलीं, पुष्कळ स्तोत्रें म्हटलीं. तें मात्र जिव्हेवर आलें नाहीं.

आज तें लिहिलें. पण वर सांगितलेल्या नियमानें पाहतां हें अर्धेंच झालें. अब्रू ज्याची गेली, त्याला ती परत मिळाली नाहीं. त्याचें नांव आम्हांला आठवतें. गांव ठाऊक आहे. येत्या पंधरवड्यांत तेथें जाण्याचा निश्चय केला आहे. आमच्या वयाच्या वाचकांनींही, आपणांस कोणाच्या दारीं जावयाचें राहिलें आहे काय, याचा घरांत स्वस्थ बसून एकदां विचार करावा, एवढीच विनंति.