‘निःसीम’चा नेमका अर्थ

‘निःसीम’ (निः + सीमा, म्हणजे ज्याला सीमा नाही) हा शब्द ‘निस्सीम’ असाही लिहितात. भक्ती, प्रेम, त्याग यांच्यासाठी तो चपखल आहे. सातपाटीच्या बंदरातून पापलेट पकडायला निघालेल्या होड्या क्षितिजाआड जाताना पाहिल्या, की समुद्रही निःसीम वाटतो. पण त्यावरून समुद्राला हद्दच नसते, असा समज अनेकांचा होतो.

कुंपण नसलेले अंगण आठवून पाहा. खूण दिसत नसली तरी ते कोणाचे, हे गावाला ठाऊक असते. समुद्राचेही तसेच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) महाराष्ट्राचा १९८१ चा मासेमारी नियमन कायदा लागू होतो. २०० सागरी मैलांपर्यंत भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र (सागरी संपत्तीवरील हक्काचा पट्टा) आहे. त्यामुळे समुद्राला निःसीम म्हणताना त्याची विशालता सांगावी; हद्दी मात्र तिथेही असतात.