उघड्या मुठीची लढत : समज आणि वस्तुस्थिती

हातमोजे उतरवले की मुष्टियुद्ध अधिक प्राणघातक होते, हा समज इतका रूढ आहे की, दोन वजनगटांत जगज्जेता ठरलेला अमेरिकन मुष्टियोद्धा पॉली मालिग्नाजी निवृत्तीनंतर, वयाच्या ३८ व्या वर्षी, जून २०१९ मध्ये टॅम्पा येथे उघड्या मुठींनी लढावयास उतरला, हे ऐकताच कोणासही धसका बसावा. वस्तुतः हातमोजा मुख्यतः मारणाऱ्याच्या मुठीतील नाजूक अस्थी सांभाळतो. मूठ निर्धास्त झाली की प्रहार मस्तकावर पूर्ण बळाने आणि वारंवार होतात, आणि मेंदूस बसणारा हादरा काही हातमोज्याच्या गादीने थांबत नाही. उघड्या मुठीने कपाळावर बेताल ठोसा हाणणाऱ्याची करंगळीमागची अस्थीच बहुधा आधी मोडते. कातडी मात्र लवकर फाटते, रक्त वाहते, आणि प्रेक्षक त्यावरूनच धोक्याचा अंदाज बांधतो. म्हणून हा खेळ निर्धोक आहे, असे मात्र कोणी मानू नये.

१८८९ मध्ये सलिव्हन आणि किलरेन हे मुष्टियोद्धे उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले, यावरून जुन्यांच्या दमाविषयी अचाट कल्पना केल्या जातात. ती लढत ज्या जुन्या नियमांनी झाली, त्यांत गडी भुईवर पडला की फेरी संपे, धरून पाडण्यासही मनाई नव्हती, त्यामुळे एखादी फेरी क्षणार्धातही आटोपे. तीन मिनिटांची ठराविक फेरी १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांतली. तरीही जुलैच्या उन्हात दोन तासांवर झुंजलेल्या त्या दोघांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मुरलेला मुष्टियोद्धा उघड्या मुठीच्या लढतीत सहज जिंकेल, हीही समजूत खोटी. मिश्र युद्धकलेतून आलेल्या आर्तेम लोबोवकडून मालिग्नाजी टॅम्पाच्या त्या लढतीत पंचांच्या निर्णयाने हरला. दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, आरंभी समोरासमोर आखलेल्या रेषांवर उभे राहणे, मिठीत धरूनही ठोसे मारण्याची मुभा : अंतर राखून लढणाऱ्याची निम्मी विद्या येथे निरुपयोगी ठरते. कुस्ती जाणणाऱ्या वाचकास हे नवे नाही. लाल मातीत प्रतिस्पर्ध्यास चितपट करण्यावर पोसलेला मल्ल गादीवर आला की गुणांचा हिशेब त्याला नव्याने शिकावा लागतो.

आणि हा प्रकार निव्वळ परदेशी म्हणावा, तर बडोद्यास गायकवाडांच्या दरबारी वज्रमुष्टीचे सामने होत, आणि त्यांत मल्लांच्या बोटांवर शिंगाची टोकदार आयुधे बांधलेली असत.