तीन लाखांचं घर, तेवीस लाख किलोमीटर

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात. २०११च्या जनगणनेत त्यात १ कोटी २४ लाख माणसं मोजली गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, लॉस एंजेलिसपासून साधारण १६० किलोमीटरवर, कॅलिफोर्निया सिटी नावाचं शहर आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५२७ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून थोडंच कमी. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १४,९७३.

मुंबईत एका चौरस किलोमीटरला २०,६०० माणसं, तिथे २८. मुंबईकरांना तिथल्यासारखं ऐसपैस राहायचं म्हटलं तर ४ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर जमीन लागेल. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. तो विदर्भापासून कोकणापर्यंत भरून टाकला तरी उरलेल्यांसाठी गुजरातचा दोन-तृतीयांश भाग मागून घ्यावा लागेल.

हे शहर आपोआप वाढलेलं नाही. नॅट मेंडेलसन नावाच्या समाजशास्त्राच्या माजी प्राध्यापकाने १९५८मध्ये इथे सुमारे ८० हजार एकर जमीन घेतली. लॉस एंजेलिसच्या तोडीचं महानगर उभं करायचं, हा बेत. रस्ते आखले, प्लॉट पाडले, मध्यभागी कृत्रिम तळं असलेलं सेंट्रल पार्क केलं आणि विक्री सुरू झाली. १९६५मध्ये रीतसर नगरपालिकाही आली. लोक मात्र आले नाहीत. आज उपग्रहाच्या छायाचित्रात मैलोन्‌मैल रस्त्यांचं जाळं दिसतं. त्यांना वळणं आहेत, चौक आहेत, घरं नाहीत. क्षेत्रफळाने हे कॅलिफोर्नियातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर. पुढे फक्त लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो.

अशा ठिकाणी राहायला जायचा विचार कुणी का करील? उत्तर किमतीत आहे. एप्रिल २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्वतंत्र घरांची मध्यम किंमत, म्हणजे निम्मी घरं जिच्यापेक्षा महाग आणि निम्मी स्वस्त विकली गेली ती, इतिहासात पहिल्यांदा ९ लाख डॉलरच्या वर गेली. कॅलिफोर्निया सिटीत तेव्हा घर तीन लाखांच्या आत-बाहेर मिळत होतं. फरक सहा लाख डॉलरचा. डॉलरला ८५ रुपये धरले तर पाच कोटी रुपयांहून अधिक.

एवढा फरक दिसला की माणूस पुढचा प्रश्न विचारतो: गाव सुरक्षित आहे का? आणि गुन्हेगारीची आकडेवारी उघडून बसतो. आकड्यांची पहिली गंमत इथेच होते.

छेदाची करामत

अमेरिकेत २०२३मध्ये खुनांचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ५.७ होतं. आता १४,९७३ लोकांच्या गावात वर्षभरात एक खून झाला असं धरा. दर निघतो लाखामागे ६.७. एका घटनेत गाव राष्ट्रीय सरासरीच्या वर! दोन झाले तर १३, तीन झाले तर २०. दुसऱ्या वर्षी एकही झाला नाही तर शून्य. म्हणजे तेच गाव, तेच शेजारी, तेच पोलीस. पण एखाद्या घरातल्या भांडणाने ते वर्षभरात ‘अतिसुरक्षित’ यादीतून ‘अतिधोकादायक’ यादीत जाऊन बसतं. लहान गावांच्या क्रमवाऱ्या दरवर्षी उलट्यापालट्या होतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं: अंशात एक-दोनाचा फरक आणि छेद छोटा.

शिवाय छेदही सरळ नाही. शहराच्या हद्दीत अडीच हजार खाटांचा तुरुंग आहे आणि अमेरिकेच्या जनगणनेत कैदी जिथे कोंडलेले असतात तिथलेच रहिवासी म्हणून मोजले जातात. २०२०मध्ये तुरुंग चालू होता, मार्च २०२४मध्ये बंद झाला, पुढे स्थलांतरितांना ताब्यात ठेवण्यासाठी पुन्हा उघडला. एका इमारतीची कुलपं उघडली-लावली की दरडोई प्रत्येक आकडा हलतो. रस्त्यावर फिरणाऱ्याचा धोका मात्र तसूभरही बदललेला नसतो.

दहा-पंधरा वर्षांची सरासरी काढली तर या आकड्यांतून थोडंफार कळतं. एका वर्षाच्या क्रमवारीतून काहीच कळत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. माणूस खुनाचा आकडा शोधत असतो, तेव्हा त्याच्या जिवाला त्याहून मोठा असलेला धोका त्या पानावर छापलेलाच नसतो. तो मोटारीच्या किलोमीटरमापकात असतो.

तीन वेळा चंद्रावर

समजा, घर कॅलिफोर्निया सिटीत आणि नोकरी लॉस एंजेलिसमध्ये. जायला १६०, यायला १६०: रोज ३२० किलोमीटर. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर ७६,८०० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे दरवर्षी पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा. अमेरिकेत घराचं कर्ज सर्रास ३० वर्षांचं असतं. ते फिटेपर्यंत मीटरवर २३ लाख ४ हजार किलोमीटर पडतात. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर. तिथे जाऊन परत येण्याच्या तीन फेऱ्या म्हणजे २३ लाख ६ हजार. हप्ते संपतात त्याच सुमाराला तिसरी फेरी संपते.

२०२३मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यांवर ४० हजारांहून अधिक माणसं मेली. दर १० कोटी मैलांमागे हे प्रमाण १.२६ पडतं. आपल्या प्रवाशाचे वर्षाचे मैल होतात सुमारे ४७,७००. गुणाकार केला तर त्याच्या वाट्याचा धोका लाखात ६० येतो. खुनाच्या राष्ट्रीय दराच्या दहा पटींहून जास्त! हा ढोबळ हिशोब आहे हे खरं. सरासरीत पादचारीही धरलेले आहेत आणि मोठे महामार्ग गल्लीबोळांपेक्षा सुरक्षित असतात. म्हणून आकडा निम्मा करू. तरी उरतात ३०, खुनाच्या पाच पट. तुलनेसाठी, घरांची छपरं बसवणाऱ्या अमेरिकी कामगारांचा कामावर मरण्याचा दर २०२३मध्ये लाखामागे ५२च्या आसपास होता आणि तो देशातल्या सर्वांत धोक्याच्या धंद्यांत गणला जातो. आपला माणूस कार्यालयात खुर्चीवर बसतो. पण तिथे पोहोचण्यासाठी तो छपरावर चढणाऱ्याच्या निम्म्याहून अधिक जोखीम घेतो.

आता पैशांकडे वळू. सहा लाख डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतलं असतं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,९९० डॉलर पडला असता. वाळवंटात गेल्याने हा हप्ता वाचला. पण मोटार फुकट धावत नाही. इंधन, विमा, दुरुस्ती आणि गाडीची झीज धरून अमेरिकेच्या करखात्याने २०२४साठी व्यावसायिक प्रवासाला मैलामागे ६७ सेंट असा दर ठरवला होता. त्या दराने महिन्याला २,६६० डॉलर रस्त्यावर जातात. हातात उरतात १,३३० डॉलर.

ते मिळवायला वेळ किती लागला? वाहतूक मोकळी असली तरी जाऊन-येऊन चार तास. म्हणजे महिन्याला ८० तास. १,३३० भागिले ८०: तासाला साडेसोळा डॉलरच्या आसपास. कॅलिफोर्नियात २०२४मध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतन होतं तासाला १६ डॉलर. पाच कोटींची बचत म्हणून जी दिसत होती, ती प्रत्यक्षात किमान वेतनावर केलेली चालकाची दुसरी नोकरी निघाली. तीही वर्षाला ४० अखंड दिवस-रात्रींची, तीस वर्षांत सव्वातीन वर्षांची.

मिनिटं आणि अंश

अंतर आणखी एका ठिकाणी नडतं. हृदय अचानक बंद पडलं आणि छातीवर दाब देणारं कुणी नसलं, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा-बारा मिनिटांत खेळ आटोपतो. कॅलिफोर्निया सिटीत स्वतःचं रुग्णालय नाही. मोठं रुग्णालय लँकेस्टरला, साठ-सत्तर किलोमीटरवर. पोलिसांचंही तेच: एखाद्याने मुख्य वस्तीपासून दूरचा स्वस्त प्लॉट घेतला आणि पोलिसांची गाडी त्याच्यापासून २० किलोमीटरवर असली, तर ताशी ८० किलोमीटरने आली तरी १५ मिनिटं लागणार. पोलीस कितीही तत्पर असोत, ५२७ चौरस किलोमीटर काही आक्रसत नाहीत.

वाळवंटाचा दुसरा आकडा तापमानाचा. त्याचा सर्वांत कडक हिशोब शेजारच्या अॅरिझोनात मिळतो. फिनिक्समध्ये २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला. १९ जुलैला तर किमान तापमानच ३६.१ अंश होतं. म्हणजे पहाटेही सुटका नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे उष्णतेशी संबंधित मृत्यू २०१४मध्ये ६१ होते. २०२२मध्ये ४२५ झाले, २०२३मध्ये ६४५. नऊ वर्षांत दहा पट. लोकसंख्या काही दहा पट वाढली नव्हती.

मेलेल्यांत बेघरांचा वाटा मोठा होता. पण घर असलेलेही मेले आणि त्यांची घरं कोणती होती हे बघण्यासारखं आहे. कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेली ‘मोबाइल होम’ ही तिथली सर्वांत परवडणारी मालकीची घरं. मॅरिकोपातल्या एकूण घरांत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. घरात उष्णतेने झालेल्या मृत्यूंत मात्र तो ३० टक्क्यांच्या आसपास, असं अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना आढळलं. सहा पट! पातळ भिंती, जुना एसी, परवडत नाही म्हणून बंद ठेवलेला एसी. घराची किंमत ज्या कारणांनी कमी होती, त्यांतलीच काही कारणं जिवावर उठली. ही घरं लावण्याच्या वसाहतींचे मालक एसी बसवायलाच आडकाठी करत, म्हणून २०२४मध्ये राज्याला कायदा करून ती मोडावी लागली.

पाण्याचंही तसंच. अॅरिझोनाच्या पाणी-नियमनाखालच्या भागांत सहा किंवा अधिक प्लॉट पाडले तर शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. पाचपर्यंत पाडले तर लागत नाही. पाच-पाचच्या हिशोबाने जमीन तुकड्यातुकड्यांनी विकत स्कॉट्सडेलच्या वेशीबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स ही वस्ती वाढली. १ जानेवारी २०२३ला स्कॉट्सडेलने दुष्काळाचं कारण देऊन तिकडे जाणाऱ्या टँकरना पाणी देणं थांबवलं आणि सुमारे पाचशे घरांचे नळ संकटात आले. टँकरच्या पाण्यावर राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. तिथे मात्र ती वेळ अंगणात महागड्या गाड्या उभ्या असलेल्यांवर आली.

मोहावीत धूळ आणि भूकंप आणखी. कॅलिफोर्निया सिटी ज्या कर्न काउंटीत आहे, तिथल्या मातीत एक बुरशी राहते. वाऱ्याने उडालेल्या धुळीतून ती फुप्फुसात गेली की ‘व्हॅली फीव्हर’ होतो. २०२४मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे १२ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत मोठा वाटा याच काउंटीचा होता. त्याच काउंटीतल्या रिजक्रेस्टजवळ जुलै २०१९मध्ये एका पाठोपाठ ६.४ आणि ७.१ क्षमतेचे भूकंप झाले. अर्थात भूकंपाच्या बाबतीत लॉस एंजेलिसचं महाग घरही सुटलेलं नाही. तिथे जास्तीचे सहा लाख मोजून ही जोखीम काही कमी होत नाही.

एकच घर, दोन हिशोब

म्हणजे वाळवंटातलं स्वस्त घर नकोच? तसं नाही. तेच तीन लाखांचं घर, तीच गल्ली घ्या. पण घेणारा जवळच्या एडवर्ड्स हवाई तळावर नोकरीला आहे आणि त्याचं काम ४० किलोमीटरवर आहे असं धरा. वर्षाचे किलोमीटर ७६,८०० वरून १९,२०० वर येतात. मघाच्याच ढोबळ दराने रस्त्यावरचा धोका लाखात ६० होता, तो १५ होतो. गाडीचा खर्च वर्षाला ३२ हजार डॉलरवरून ८ हजारांवर येतो. एका वेळेला ४० मिनिटं धरली तर रस्त्यावर जाणारा वेळ ४० दिवसांऐवजी १३ दिवस. घराच्या भिंती, शेजार, पोलीस, गुन्ह्यांचा दर, काहीही बदललेलं नाही. तरी जोखीम चौथाईवर आली. त्याच्यासाठी हा खरोखरच फायद्याचा सौदा आहे. घरून काम करणाऱ्यासाठी त्याहून चांगला. हृदयविकार असलेल्या सत्तरीतल्या निवृत्तासाठी मात्र किलोमीटर शून्य असूनही तोच सौदा वाईट, कारण त्याचा हिशोब रुग्णालयाच्या मिनिटांत होतो.

घराच्या जाहिरातीत किंमत सगळ्यांना एकच छापलेली असते. सुरक्षिततेचा आकडा मात्र गावाच्या नावापुढे छापताच येत नाही, कारण तो गावाचा नसतोच. नोकरी किती किलोमीटर, रुग्णालय किती मिनिटं, एसी बिघडला तर दुरुस्तीचे पैसे आहेत का, पाणी कुणाच्या मर्जीवर येतं, ही बेरीज घेणाऱ्याला आपल्याच वहीत मांडावी लागते. वाचलेल्या सहा लाखांपैकी नेमके किती वाचले, तेही त्याच बेरजेतून कळतं.