उंबरठ्याच्या आतला आशिया

२०१६ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचं स्वरूप बदललं. लेखकाच्या एकूण कामगिरीऐवजी इंग्रजीत अनुवादित झालेल्या एकाच पुस्तकाची निवड होऊ लागली आणि ५०,००० पौंडांतला निम्मा वाटा अनुवादकाला मिळू लागला. त्या वर्षी हा मान हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ला मिळाला, तर २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला. या दहा वर्षांत आशियातल्या आणि आशियातून परदेशी गेलेल्या लेखकांच्या ज्या कथा-कादंबऱ्या मनात घर करून राहिल्या, त्या बहुतेक उंबरठ्याच्या आत घडतात. युद्ध, गुलामी, फाळणी हे सगळं त्यांत आहे. पण ते येतं माजघरातून, दुकानाच्या गल्ल्यावरून आणि जेवणाच्या ताटातून.

‘द व्हेजिटेरियन’ मूळ कोरियनमध्ये २००७ सालची. योंग-हेला एक भयंकर स्वप्न पडतं आणि ती फ्रिजमधलं सगळं मांस काढून टाकते. नवरा, बहिणीचा नवरा आणि थोरली बहीण अशा तिघांच्या नजरेतून आपण तिला पाहतो. सगळं गणगोत जमलेलं असताना बाप तिच्या तोंडात जबरदस्तीने मांस कोंबू पाहतो, तो प्रसंग अंगावर येतो. आपल्याकडे शाकाहार बहुधा घराण्यातून, जातीतून चालत येतो. इथे तो एकट्या बाईचा नकार आहे आणि म्हणूनच घराला तो सोसवत नाही. २०२४ मध्ये हान कांग यांना साहित्याचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई लेखिका. ग्वांगजूमधल्या १९८० च्या हत्याकांडावरची त्यांची ‘ह्यूमन ॲक्ट्स’ही जरूर वाचावी.

मिन जिन ली सोलमध्ये जन्मल्या, सात वर्षांच्या असताना न्यूयॉर्कला गेल्या. त्यांची ‘पाचिंको’ (२०१७) जपानमधल्या कोरियन कुटुंबाच्या चार पिढ्यांची कथा सांगते. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. सुंजाचं लग्न झालंय, ती नवऱ्याबरोबर ओसाकाला जायची आहे. जाण्याआधी लेकी-जावयाला पांढरा भात वाढता यावा म्हणून आई तांदळाच्या व्यापाऱ्यापुढे अजिजी करते. पण त्याला तो तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी राखायचा असतो. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्या मूठभर तांदळातून जितकं कळतं, तितकं सनावळ्यांतून कळत नाही.

सायाका मुराता यांची ‘कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन’ जपानीत २०१६ साली आली आणि तिला अकुतागावा पुरस्कार मिळाला. नायिका केइको छत्तिशीची, अविवाहित. अठरा वर्षं एकाच दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या खिशातली नाणी खुळखुळली, की हा आता सिगारेट किंवा वर्तमानपत्र घेणार, हे ती ओळखते. लग्न आणि ‘बरी नोकरी’ यांसाठी तिच्यामागे लागलेले नातलग आपल्याला अनोळखी नाहीत. छोटीशी कादंबरी आहे. एका बैठकीत होते.

याच काळात जोखा अल्हार्थी यांच्या ‘सेलेस्टियल बॉडीज’ने तीन बहिणींच्या संसारांतून ओमानमधल्या गुलामगिरीचं सावट दाखवलं. शेहान करुणातिलका यांच्या २०२२ च्या बुकर-विजेत्या कादंबरीत मेलेला छायाचित्रकार माली अल्मेडा जिवंत मित्रांना पलंगाखालच्या खोक्यापर्यंत पोचवायला धडपडतो. त्या खोक्यात श्रीलंकेतल्या हिंसाचाराचे पुरावे आहेत.

२०२२ सालीच गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ने, डेझी रॉकवेल यांच्या अनुवादातून, हिंदीला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बुकर मिळवून दिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घरच्यांकडे पाठ करून पडलेली ऐंशी वर्षांची आई एक दिवस उठते आणि थेट पाकिस्तानात पोचते. इंग्लंडमध्ये हे पुस्तक काढलं ते टिल्टेड ॲक्सिस या छोट्या प्रकाशनाने. ते सुरू केलं होतं ‘द व्हेजिटेरियन’च्या अनुवादक डेबोरा स्मिथ यांनी.

‘हार्ट लॅम्प’मधल्या बारा कथा हासनच्या वकील-लेखिका बानू मुश्ताक यांनी तीन दशकांत कन्नडमध्ये लिहिल्या, इंग्रजीत आणल्या दीपा भास्ती यांनी. शीर्षककथेत माहेरी आलेल्या मेहरूनला भाऊच परत सासरी सोडून येतात. रात्री ती रॉकेल हातात घेते, तेव्हा तिला अडवते ती तिची मुलगी. ही कथा आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात घडू शकते.

कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर मी आधी मुराता, मग ‘पाचिंको’ आणि मन घट्ट करून हान कांग, असं सांगेन. ‘रेत समाधि’ मात्र मूळ हिंदीतूनच वाचा. मराठी वाचकाला तिथे इंग्रजीचा वळसा घ्यायची गरज नाही. आणि मराठी प्रकाशकांना एक आग्रहाचं सांगणं आहे: उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून थेट मराठीत आणल्या, तेव्हा त्यांनी परदेशी पुरस्काराची वाट पाहिली नव्हती. शेजारच्या भाषांत आज काय लिहिलं जातंय, हे आपल्याला लंडनहून कळावं लागू नये. त्यासाठी चांगले अनुवादक हेरा, त्यांना पुरेसं मानधन द्या आणि त्यांचं नाव मुखपृष्ठावर छापा.