मुद्दामच करायलाय?

हळदीच्या हंगामात आखाडा बाळापूरच्या शिवारात हळद शिजवण्यासाठी कढया चढतात, आणि त्यांच्या अवतीभवती बागडणाऱ्या मुलाविषयी कोणी हटकले तर ‘पोराची जात, ऐकतंय होय!’ असे उत्तर मिळते. तेच मूल रात्री रडू लागले म्हणजे मात्र ‘मुद्दामच करायलाय हा’ असा निर्वाळा होऊन त्याच्या पाठीत धपाटा बसतो. पहिल्या समजुतीने देखरेख सुटते, दुसरीने हात उठतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ बार्बरा मोरोंगिएल्लो यांनाही पहिल्या समजुतीसारखेच आढळले, की मुलाचे धाडस माता त्याच्या स्वभावाच्या खाती टाकतात आणि मुलीला मात्र सावधगिरीचे नियम शिकवतात.

दुसऱ्या समजुतीने उठणाऱ्या हाताच्या, म्हणजेच बालछळाच्या, शास्त्राचा आरंभ सर्वसाधारणपणे डॉ. हेन्री केम्प यांच्या १९६२ च्या लेखापासून मानला जातो. परंतु पॅरिसचे न्यायवैद्यक आंब्रुआझ तार्द्यू यांनी १८६० सालीच ३२ बालकांची प्रकरणे तपशीलवार नोंदवून, छळ करणारे अनेकदा जन्मदातेच असतात हे निर्भयपणे सांगितले होते. एका शतकाहून अधिक काळ हा मजकूर दफ्तरात पडून राहावा, हा त्यांच्यावर आणि त्याहूनही मुलांवर झालेला घोर अन्याय होय.

तथापि दोघांचीही दृष्टी मुख्यतः जखमेवर होती. जखमेपूर्वीच्या विचाराचा मागोवा मानसशास्त्रज्ञ जोएल मिलनर यांनी १९९३ मध्ये घेतला: आईबाप मुलाचे वर्तन कसे पाहतात, त्याला कोणता हेतू चिकटवतात, इतर परिस्थिती ध्यानात घेतात की नाही, आणि मग काय करतात. थकवा, कर्ज, अपुरी झोप यांनी विवेक क्षीण झाला म्हणजे तान्ह्या बाळावरही वैराचा आरोप होतो.

हा विचार पालटतो काय? मानसशास्त्रज्ञ डॅफ्नी ब्यूगेन्टाल यांनी कॅलिफोर्नियात जोखमीच्या कुटुंबांतील मातांना प्रत्येक गृहभेटीत, ‘हे का घडते असे तुम्हांस वाटते?’ असे विचारून, बाळाला वा स्वतःला दोष न देणारे कारण त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत संवाद चालू ठेवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या वर्षातील मारहाणीचे प्रमाण भेटीविना २६ टक्के, साध्या भेटींनी २३ टक्के, आणि या प्रश्नासह केवळ ४ टक्के होते. कुटुंबे थोडी होती आणि माहिती मातांनीच दिलेली होती, म्हणून हा आकडा सावधपणेच घ्यावा. तरी त्याची उपेक्षा परवडणारी नाही.

आपल्याकडे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात, आणि पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच वेळा. वजन आणि लसीबरोबर ‘बाळ का रडतं, असं वाटतं तुम्हाला?’ हा एक प्रश्न त्यांच्या नोंदवहीत आरोग्य खात्याने अवश्य घालावा. आणि कोठे मुलाला मार बसताना दिसला तर वाचकांनी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.